कळी नको, उमललेली द्या

वारुळावरच्या अळंबीची मिटलेली कळी मी आता विकत घेत नाही. माहेर सावंतवाडीकडचं आणि सासर गोव्यात बार्देशातलं असलेल्या माझ्यासारखीला हे एवढं एक वाक्य लिहायला बराच काळ लागला. आमच्या पट्ट्यात अळंबीची पारख कळीवरूनच होते. टोपी घट्ट मिटलेली, टोकदार, बोटाने दाबली तरी न दबणारी अशी कळी दिसली की माणसं गाडी थांबवतात. उमललेल्या अळंब्या घेऊन बसलेल्या बाईला संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक मिळत नाही. मी कळी घेणारी होतेच, शिवाय कळी खुडण्याची बाजू घेऊन भांडणारीही होते. नातेवाइकांत, मैत्रिणींत, एकदा तर जाहीर चर्चेत उभं राहून मी ती बाजू मांडली आहे. म्हणून मत बदललं तेही चारचौघांतच सांगायला हवं, असं मला वाटतं.

अळंबीवरचं माझं प्रेम मात्र तसंच आहे. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी या सगळ्या रानभाज्या मी आवडीने करते, पण अळंबीची वाट पाहावी तशी कशाचीच पाहत नाही. पाऊस सलग कोसळतो, मग एखाद-दोन दिवस उघडीप पडते, उन्हाची तिरीप येते, हवा दमट होऊन बसते. अशा वेळी आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात, आता अळमी येतली. भल्या पहाटे विजेरी घेऊन माणसं बाहेर पडतात. कुठल्या वारुळावर कधी येते हे घरटी ठाऊक असतं आणि ते शेजाऱ्याला सांगायचं नसतं. विदर्भातही पावसाळ्यात सात्या आणि टेकोडे बाजारात आले की असाच गलका होतो, असं तिकडची माणसं सांगतात.

अळंबी घरात आली की पहिलं काम मातीचं. देठ सुरीने हलकेच खरवडायचा, टोपीवरची तांबडी माती बोटाने चोळून काढायची, दोन-तीन पाण्यांतून धुवायची, पण भिजत ठेवायची नाही. देठ हाताने उभा फाडला की धाग्याधाग्याने सुटतो. माझ्या आईकडे खोबरेल तेलावर कांदा, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, हळद, मग अळंबी. झाकण ठेवून तिच्या स्वतःच्या पाण्यात ती शिजते. शेवटी ओलं खोबरं आणि दोन आमसुलं. सासरी तोंडाक करतात. भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, धने, मिरी, लवंग, सुक्या मिरच्या यांचं वाटप पाट्यावर असो की मिक्सरमध्ये, ते अगदी गंधासारखं व्हावं लागतं. श्रावणात मासळी बंद असते आणि माणसं ताटाकडे नाराजीने बघत असतात, तेव्हा हे तोंडाक चुलीवर रटरटू लागलं की घरातली तक्रार थांबते. आईची पद्धत बरी की सासूबाईंची, याचा निकाल मी कधीच दिलेला नाही आणि देणारही नाही.

गोव्यात दर पावसाळ्यात एक आवाहन होतं: रानातली अळंबी खुडू नका, विकत घेऊ नका. गोव्यातले कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत गेली अनेक वर्षं या अळंब्यांच्या संरक्षणाविषयी लिहीत-बोलत आले आहेत. अभयारण्यातून अळंबी काढू नये असं वनखातंही बजावतं. मला ही आवाहनं टोचायची. सत्तरीतल्या किंवा दोडामार्गातल्या बाईच्या हातात वर्षातून काही दिवस रोख पैसा येतो, तो अळंबीचा. भात लावून झालेला असतो, घरातला दाणा संपत आलेला असतो, मुलांच्या शाळेचा खर्च तोंडावर असतो. शंभर अळंब्यांच्या वाट्याला हजाराच्या पुढे भाव मिळतो तो त्या दिवसांत. ज्यांचं पोट त्यावर अवलंबून नाही त्यांनी शहरात बसून तिला रान सोडायला सांगू नये, असं मी म्हणत असे. हा भाग मी आजही मागे घेतलेला नाही.

पण माझा दुसरा मुद्दा शास्त्राचा होता आणि तो मी फार जोरात मांडत असे. अळंबी म्हणजे फळ. खरी बुरशी जमिनीखाली तंतूंच्या रूपात असते. झाडावरचा आंबा काढला म्हणून झाड मरत नाही, तशी अळंबी खुडली म्हणून बुरशी मरत नाही. याला पुरावाही माझ्याकडे होता. स्वित्झर्लंडमधल्या एका राखीव जंगलात १९७५ पासून सलग २९ वर्षं एक प्रयोग चालला होता. काही तुकड्यांतल्या सगळ्या अळंब्या नेमाने उपटायच्या, काहींतल्या कापून काढायच्या, काहींना हातच लावायचा नाही. त्याचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. खुडल्यामुळे पुढच्या वर्षांच्या पिकात घट झाली नाही आणि जातींची संख्याही कमी झाली नाही. त्या जंगलात वावरताना माती तुडवली गेली तिथे अळंब्या कमी उगवल्या, एवढाच फरक दिसला. मला ही माहिती मिळाली तेव्हा फार आनंद झाला होता. पिढ्यान्‌पिढ्या अळंबी काढणाऱ्या बाया जे सांगतात तेच युरोपातल्या शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं होतं. दरवर्षी त्याच वारुळावर, साधारण त्याच तिथीला अळंबी येते, मग खुडून काय बिघडलं?

त्या जाहीर चर्चेत मी हेच सांगितलं. सगळं संपल्यावर एक विद्यार्थिनी भेटायला आली. तिने अगदी नम्रपणे विचारलं, “ताई, त्या प्रयोगात जुन्या जागी अळंबी येते का हे मोजलं. नवीन जागी येते का, हे मोजलं होतं का? आणि तिथल्या अळंब्यांना वाळवी लागते का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर मी वाचू लागले आणि वाचता वाचता एका अशा जगात शिरले की अजून त्यातून बाहेर आलेले नाही.

आपण वारुळावरची म्हणून जी अळंबी खातो तिच्या कुळाला टर्मिटोमायसिस असं नाव फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे एइम यांनी १९४२ मध्ये दिलं. ही बुरशी रानात मोकळी राहत नाही. वाळवीच्या काही जाती तिची शेती करतात, आणि ती त्याच शेतात जगते. ही शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली असं शास्त्रज्ञ मानतात. माणसाने पहिलं धान्य पेरलं त्याला दहा-बारा हजार वर्षं झाली. आपल्याकडे वारूळ उभारणाऱ्या ओडोंटोटर्मिस कुळातल्या वाळव्या याच शेतकऱ्यांपैकी आहेत. वाळवीच्या या जातींना लाकूड, पाचोळा, सुकं गवत नीट पचवता येत नाही. कामकरी वाळव्या ते चघळून गिळतात, त्याच्यात बुरशीचे बीजाणू मिसळतात आणि अर्धवट पचलेली ती विष्ठा रचून वारुळाच्या पोटात छिद्राछिद्रांचे गोळे उभे करतात. त्या गोळ्यांवर बुरशी वाढते. लाकडाचा कठीण भाग ती फोडते, तिच्यावर पांढऱ्या बारीक गाठी येतात आणि वाळव्या त्या गाठी खातात. खाल्लेल्या बीजाणूंतून पुढचा गोळा रुजतो. आत हवा खेळती राहावी, ऊब आणि ओल फार वरखाली होऊ नये, परकी बुरशी शिरू नये यासाठी हजारो जीव रात्रंदिवस खपत असतात.

म्हणजे चालू वारुळाला बाहेरच्या अळंबीची गरजच नाही. आपण सगळ्या कळ्या खुडून नेल्या तरी आतलं शेत चालू राहतं आणि पुढच्या वर्षी त्याच जागी अळंबी येते. अळंबी काढणाऱ्या बायांचा अनुभव शंभर टक्के खरा आहे.

मग अळंबी वर येते कशासाठी? पहिल्या पावसात पंखवाली वाळवी उडते, दिव्याभोवती तिचा खच पडतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यांतून वाचलेली एखादी नर-मादीची जोडी पंख झाडते, मातीत शिरते, स्वतःला कोंडून घेते आणि अंडी घालते. ही जोडी सोबत काय नेते? वाळवीच्या थोड्या जाती आईबापांच्या पोटातून बुरशी सोबत नेतात. पण बहुतेक जातींत, आपल्या ओडोंटोटर्मिसमध्येही, जोडपं रिकाम्या हाताने निघतं. त्यांच्या पहिल्या पिढीतले कामकरी काही आठवड्यांनी मोठे होऊन पहिल्यांदा जमिनीवर येतात. त्याच सुमारास रानातल्या जुन्या वारुळांमधून अळंब्या वर येतात, उमलतात आणि टोपीखालच्या पडद्यांतून बीजाणू सोडतात. पाचोळ्यावर पडलेले ते बीजाणू नव्या घरातली कामकरी वाळवी पाचोळ्याबरोबर आत नेते. तेव्हा कुठे नव्या वारुळात शेत लागतं. बीजाणू मिळाले नाहीत तर ते घर वसत नाही.

हे वाचल्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही. मी ज्या कळीची बाजू घेत होते तिने एकही बीजाणू सोडलेला नसतो. कळी म्हणजे पडदे झाकलेले, टोपी मिटलेली. आणि पेठेत भाव तिलाच. डोंगरातली वारुळंच्या वारुळं आम्ही कळीत असताना रिकामी करतो, म्हणजे त्या वर्षी त्या रानात वसू पाहणाऱ्या घरांचं बियाणं उचलून घरी आणतो. जुन्या वारुळापाशी उभं राहून याचा पत्ता लागत नाही. तिथे पुढच्या श्रावणात अळंबी येतेच. पण वारूळ अमर नसतं. राणी मरते, पुरात वाहून जातं, कोणी खणून काढतं. त्याची जागा घेणारं नवं वारूळ दुसरीकडे कुठेतरी उभं राहायला हवं, आणि त्याचं काय होतंय ते बघायला पहाटे विजेरी घेऊन कोणी जात नाही. स्वित्झर्लंडच्या प्रयोगातल्या अळंब्यांना वाळवीची गरज नव्हती, आणि तिथे मोजलेलं पीकही त्याच तुकड्यांतलं होतं. त्या विद्यार्थिनीचे दोन्ही प्रश्न नेमके होते. तिचा पत्ता माझ्याकडे असता तर मी तिला लिहिलं असतं.

आमच्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरीची पूजा वारुळाच्या रूपात होते. नागपंचमीला आम्ही वारुळाला दूध-लाह्या वाहतो. त्या वारुळाच्या पोटात एवढं मोठं शेत पिकतंय हे कळल्यापासून मी देवळात गेले की हात जोडून जरा जास्त वेळ उभी राहते.

अळंबी खाणंच सोडून द्यावं, असं मात्र मला वाटत नाही. उमललेल्या एका अळंबीतून इतके बीजाणू सुटतात की दर वारुळावरच्या थोड्या अळंब्या पूर्ण उमलू दिल्या तरी रानाला पुष्कळ झालं, असं माझं मत आहे. उरलेल्याही उमलल्यानंतर काढाव्यात. म्हणून मी आता उमललेली मागते. खरं सांगायचं तर चवीतही मी काही गमावलेलं नाही. कळी करकरीत लागते हे खरं. उमललेली मऊ असते, तिच्या पडद्यांत वाटप शिरतं, आणि तोंडाकात तर ती कळीपेक्षा सरस लागते. तिला त्याच दिवशी शिजवावं लागतं, एवढीच अट. देठ मोडतो, टोपी चिरते, म्हणून लांबच्या बाजारात ती पोचत नाही. महामार्गावरून शंभर किलोमीटर दूर नेऊन खायची वस्तू ती नाही आणि मला वाटतं तसंच असावं.

उमललेली घेण्याचं आणखी एक कारण मला नंतर सुचलं. कळीत सगळ्या पांढऱ्या छत्र्या सारख्या दिसतात. उमलल्यावर टोपीखालचे पडदे दिसतात. वारुळाच्या अळंबीच्या पडद्यांवर हलकी गुलाबी झाक येते, तर हिरवळीवर, बागेत, गोठ्याजवळ उगवणारी आणि खाल्ल्यावर तासा-दोन तासांत उलट्या-जुलाब करणारी एक मोठी पांढरी छत्री असते, तिचे पडदे पुढे हिरवट होतात. अमानिटा गटातल्या काही जाती तर जिवावर उठतात. त्यांचं विष शिजवून जात नाही, सहा तास, कधी बारा तास माणसाला काहीच जाणवत नाही आणि तोवर यकृतावर घाला पडलेला असतो. चांदीचा चमचा काळा पडतो का बघणं, लसूण टाकून रंग बदलतो का बघणं, किड्याने खाल्लेली ती माणसालाही चालते असं मानणं, या सगळ्या समजुती धोक्याच्या आहेत. नुसता पडद्यांचा रंग बघूनही कोणी निर्धास्त होऊ नये. वारुळाच्या मातीतून, लांब मुळासारख्या देठावर आलेली अळंबी जन्मभर ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्यावी. मी स्वतः आजही एकटीने काढून खात नाही.

आमच्या गावाकडची एक काकी मला वर्षानुवर्षं अळंबी देते. ती कधी कोयत्याने खणत नाही, देठ हाताने हलवून सोडवते, कारण खणलं तर खाली शेताला धक्का बसतो. शेत हा शब्द माझा, ती म्हणते, “खाली त्येंचा घर आसा.” मी पहिल्यांदा उमललेली मागितली तेव्हा तिला वाटलं, मी पैसे वाचवायला बघतेय. “कळ्योच घे गे बाय, फुललली कोणाक व्हयी?” कळीचाच भाव देते म्हटल्यावर ती बसली आणि तिने मला जी अडचण सांगितली ती कुठल्याही पुस्तकात नव्हती. आज दिसलेली कळी उद्या उमलेल म्हणून ठेवली तर रात्रीत दुसरा कोणी नेतो. पूर्वी वाडीतल्यांना एकमेकांची वारुळं ठाऊक होती आणि तो मान राखला जायचा. आता महामार्गावर भाव आल्यापासून परगावची माणसं दुचाकीवरून येतात आणि दिसेल ते पिशवीत भरतात. म्हणजे कळी खुडली जाते ती चवीसाठी तर आहेच, पण उद्यावर भरवसा उरलेला नाही म्हणूनही. मी एकटीने भाव बदलून हे थांबणार नाही, हे मला त्या ओटीवर बसून कळलं.

तिने आणखी एक गोष्ट ऐकवली. समोरच्या डोंगरावर रबर आणि अननसाची लागवड झाली तेव्हा जेसीबीने एका आठवड्यात जेवढी वारुळं सपाट केली तेवढ्या अळंब्या तिच्या आजीपासून कोणी काढल्या नसतील. दोडामार्गात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गोव्याच्या खाणपट्ट्यात तर डोंगरच गेले. अळंबी वाचवा म्हणणाऱ्यांनी पाटीवालीआधी या यंत्रांकडे बोट दाखवलं पाहिजे, हे माझं जुनं म्हणणं होतं आणि तेही मी सोडलेलं नाही. अभयारण्यातून, मग ते म्हादईचं असो की मोलेमचं, काहीही काढायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते आणि तिथली वारुळं अस्पर्श राहावीत हे मला आता मनापासून पटतं. आधी पटत नव्हतं. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांना गौण वनोपज गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क दिला आहे, आणि तो हक्क राखूनच पुढचा मार्ग निघायला हवा.

तो गावानेच काढायचा आहे. आमच्या देवराईतून सुकी काटकी उचलायची नाही हा नियम कुठल्या खात्याने लावला नव्हता, तो गावाने ठरवला आणि गाव पाळतो. दर वारुळावर ठरावीक अळंब्या उमलू द्यायच्या, बाहेरच्यांनी न विचारता काढायच्या नाहीत, ही गोष्ट तशीच बैठकीत ठरू शकते. काकी तयार आहे. माझा भाऊ तयार नाही. त्याचं म्हणणं, आपल्या गावाने सोडलेली कळी पलीकडच्या गावाच्या पिशवीत जाईल, मग आपल्या बायांचं नुकसान का करायचं? त्याच्या बोलण्यात तथ्य आहे, म्हणून पलीकडच्या गावातल्या दोघींशी काकी बोलणार आहे आणि मृग लागायच्या आत दोन्ही वाड्यांची एक बैठक घ्यायची असं ठरलं आहे. भावाने यावं आणि आपला आक्षेप तिथेच मांडावा, असं मी त्याला कळवलं आहे.